फॉरेन्सिकला जायचंय, पण नक्की कशात?

मागच्या अंकात या पानावर मी एक छोटं टिपण लिहिलं होतं, की फॉरेन्सिक नावाची एकच अशी नोकरी नसते, त्या एका शब्दाखाली कितीतरी वेगवेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे. त्यावर इतके मेल आले की या वेळचं पान सगळं त्यालाच देतेय. मी स्वतः केमिस्ट्रीवाली, टॉक्सिकॉलॉजीत म्हणजे शरीरातलं विष, औषधं, दारू शोधण्याच्या कामात माझी सगळी वर्षं गेली, म्हणून डीएनए आणि सायबरचं लिहिताना त्या टेबलांवर बसलेल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून लिहिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, सायन्स घेतलंय. क्राइम सिरीज बघून बघून ठरवलंय की फॉरेन्सिकच करायचं. आता बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स घेऊ की साधं बीएस्सी केमिस्ट्री? घरचे म्हणतात केमिस्ट्री घे, मैत्रिणी म्हणतात फॉरेन्सिकची डिग्री नसेल तर उभंच करत नाहीत.

सिरीज बघून आवड लागली यात वाईट काही नाही गं, खूप जणांची सुरुवात तिथूनच झालेली असते. फक्त सिरीजमधे एकच माणूस घटनास्थळी जातो, रक्ताचा डाग उचलतो, रात्री मशीनवर लावतो आणि सकाळी आरोपीसमोर बसून त्याची चौकशी पण करतो. खऱ्यात ही तीन-चार वेगळी माणसं असतात, वेगळ्या शिक्षणाची, आणि चौकशी तर आपण करतच नाही, ते तपास अधिकाऱ्याचं काम. म्हणून डिग्रीच्या आधी स्वतःला हे विचार की मला कुठल्या टेबलावर बसायचंय.

घटनास्थळावर जाणारे वेगळे. त्यांचं काम फोटो, स्केच, मोजमाप, पुरावा उचलणं, पॅक करणं, सील करणं. लॅबमधे केमिस्ट्रीवाले ड्रग्ज, स्फोटकं, आगीच्या ठिकाणचं पेट्रोल-रॉकेल बघतात, टॉक्सिकॉलॉजीवाले रक्त, लघवी, लिव्हरचे तुकडे तपासतात. बायोलॉजी आणि डीएनए एका बाजूला. बॅलिस्टिक्समधे गोळ्या आणि काडतुसं कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवून ओरखडे जुळवतात, तिथे फिजिक्सवाले बरेच दिसतात. डॉक्युमेंटवाले सही, शाई, खाडाखोड बघतात, फिंगरप्रिंटवाले ठसे, आणि आता कॉम्प्युटर-मोबाइलचा विभाग तर सगळ्यात वेगाने वाढतोय. हे सगळं एका माणसाला येत नाही आणि यावं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

आता डिग्री. माझं मत स्पष्ट आहे, पहिली डिग्री मूळ सायन्सची घे, फॉरेन्सिक त्याच्यावर मास्टर्सला घे. कारण फॉरेन्सिकच्या तीन वर्षांत सगळ्याच टेबलांची तोंडओळख होते, पण एकाही टेबलावर बसण्याइतकी खोली येतेच असं नाही. उदाहरण देते, अमेरिकेत डीएनए लॅबसाठी एफबीआयचे जे क्वालिटीचे नियम आहेत ना, त्यात अॅनालिस्टला बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलेक्युलर बायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्स शिकलेलं असणं सांगितलंय, म्हणजे डिग्रीवर नाव काय छापलंय त्यापेक्षा आत कुठले विषय झालेत ते बघतात. दुसरं म्हणजे फॉरेन्सिकच्या जागा जगात कुठेही केमिस्ट्रीच्या जागांपेक्षा कमीच असतात. मूळ सायन्स असेल तर जागा निघेपर्यंत औषध कंपनीत, पाणी किंवा अन्न तपासणीच्या लॅबमधे काम करता येतं, आणि ते वाया जात नाही, उलट गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या मशीनवर, दोन वर्षं हात बसलेली मुलगी मुलाखतीला आली की आम्हाला हायसं वाटायचं.

पण फॉरेन्सिकची डिग्री वाईटच असंही नाही बरं का. काही कॉलेजं खरंच छान शिकवतात. अॅडमिशन घेण्याआधी सिलॅबस मागून घे आणि तीन गोष्टी बघ. केमिस्ट्री-बायोलॉजीची प्रॅक्टिकल्स किती तासांची आहेत, मशीनला मुलांना स्वतः हात लावू देतात की लांबून दाखवतात, आणि स्टॅटिस्टिक्स आहे का. स्टॅटिस्टिक्स नसेल तर मी तो कोर्स घेणार नाही. आणि अजून एक काम आजच कर, तुला ज्या लॅबमधे जावंसं वाटतं तिथल्या जुन्या जाहिराती शोधून पात्रतेची ओळ वाच. चार जाहिराती वाचल्यास की घरच्यांचं बरोबर की मैत्रिणींचं, ते तुझं तुलाच कळेल.

प्रश्न : माझी मुलगी फॉरेन्सिकचा हट्ट धरून बसली आहे. हुशार आहे, पण फार हळवी आहे. रोज रक्त, मृतदेह, खून हे सगळं तिला झेपेल का? आई म्हणून झोप उडाली आहे. तुम्ही अनुभवी आहात म्हणून विचारते.

तुमची काळजी अगदी खरी आहे, माझ्या आईने पण हेच विचारलं होतं. आधी दिलासा देते. लॅबमधल्या बहुतेक लोकांना मृतदेह दिसतच नाही. आमच्याकडे येतं ते सीलबंद पाकीट, त्यावर नंबर, आत एखादी बाटली किंवा कापडाचा तुकडा. दिवस जातो मोजण्यात, मशीनमधे, आणि सगळ्यात जास्त तर लिहिण्यात. मृतदेहाशी रोजचा संबंध येतो तो पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांचा, त्यांच्या मदतनिसांचा आणि घटनास्थळावर जाणाऱ्यांचा.

पण खोटं बोलणार नाही, बाटलीवरसुद्धा वय लिहिलेलं असतं. वय चार वर्षं असं लिहिलेली बाटली हातात आली की त्या दिवशी जेवण जात नाही, इतक्या वर्षांनंतरही नाही. हळवं असणं हा काही दोष नाही हो, मी पाहिलेले सगळ्यात काटेकोर लोक हळवेच होते, कारण त्यांना पाकिटाच्या पलीकडचं माणूस दिसायचं. त्रास होतो तो सगळं आत कोंडून ठेवणाऱ्यांना. आणि लोकांना वाटतं शवागार सगळ्यात कठीण, पण माझ्या मते आज सगळ्यात कठीण काम स्क्रीनसमोर बसणाऱ्यांचं आहे, ज्यांना मुलांवरच्या अत्याचाराचे फोटो आणि व्हिडिओ एकेक करून बघावे लागतात. चांगल्या ठिकाणी त्यांना सलग तेच काम देत नाहीत, समुपदेशक असतो, आवाज बंद ठेवून किंवा चित्र लहान करून बघण्याच्या पद्धती शिकवतात. मुलीला सांगा, मुलाखतीत नोकरी देणाऱ्यालाच विचार की इथे माणसांच्या मनाची काळजी कशी घेता. हा प्रश्न विचारल्याने कोणी नापास करत नाही.

आणि एकदा तिला सुट्टीत कुठल्यातरी साध्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधे महिनाभर नुसतं मदतीला जाऊ द्या. तिथलं रक्त, तिथला वास, तिथला कंटाळा हे सगळं बघून जर ती परत हसत आली तर निर्धास्त व्हा.

प्रश्न : मी मेडिकलला आहे. फॉरेन्सिक मेडिसिन घ्यायचा विचार आहे, पण सीनियर्स म्हणतात आयुष्यभर मेलेल्यांचीच सेवा करशील. फॉरेन्सिक सायंटिस्ट आणि फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट यात नक्की फरक काय?

फरक साधा आहे, पॅथॉलॉजिस्ट आधी डॉक्टर असतो आणि मृत्यू कशाने झाला, कसा झाला हे सांगणं त्याचं काम, सायंटिस्ट डॉक्टर नसतो आणि समोर आलेल्या वस्तूत काय सापडलं ते सांगतो. दोघांना एकमेकांशिवाय चालत नाही. एक उदाहरण माझ्याच टेबलावरचं. माणूस गेल्यावर काही औषधं आजूबाजूच्या अवयवांतून परत रक्तात झिरपतात, त्यामुळे हृदयातलं रक्त घेतलं तर आकडा उगाच मोठा येतो आणि साधा डोस घेतलेला माणूस विषबाधेचा वाटू शकतो. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं, आणि बाटलीवर तसं लिहायचं. डॉक्टरने नुसतं 'रक्त' लिहून पाठवलं तर लाखमोलाचं मशीन असून मी काहीही ठामपणे सांगू शकत नाही. तेव्हा तू या ब्रँचला आलास तर बाटलीवरचं लेबल नीट लिही बाबा, एवढं या जुन्या केमिस्टचं मागणं आहे.

सीनियर्सचं म्हणणं अर्धंच खरं आहे. या ब्रँचमधे जिवंत माणसांची तपासणीही येते, मारहाण झालेले, लैंगिक अत्याचार सोसलेले, ज्यांचं वय ठरवायचंय असे. तिथे डॉक्टर कसा बोलतो, कसा हात लावतो यावर समोरच्या बाईचं पुढचं सगळं अवलंबून असतं, कित्येक देशांत तर या कामासाठी खास शिकलेल्या फॉरेन्सिक नर्सेस असतात. दातांचे डॉक्टर पण येतात बरं यात. मोठ्या दुर्घटनेत ओळख पटवायला इंटरपोल तीन मुख्य आधार मानतं, बोटांचे ठसे, दात आणि डीएनए, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमधे सुरुवातीच्या काळात सगळ्यात जास्त ओळखी दातांवरून पटल्या होत्या. हाडांवर काम करणारे मानवशास्त्रज्ञ अजून वेगळे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्यांची हाडं शोधायला १९८४ मधे क्लाइड स्नो नावाच्या शास्त्रज्ञाने कॉलेजातली पोरं हाताशी धरली, त्यातून उभी राहिलेली टीम पुढे जगभर गेली. वर्षानुवर्षं वाट बघत बसलेल्या आईला मुलाची हाडं मिळवून देणं याला मेलेल्यांची सेवा म्हणायचं की जिवंतांची, ते सीनियर्सना विचार.

प्रश्न : मी आयटीत आठ वर्षं आहे, बायको अकाउंटंट. दोघांनाही कंटाळा आलाय, दोघांनाही फॉरेन्सिकचं आकर्षण. वय चौतीस. आता परत बीएस्सी करायची का?

अजिबात नको! तुमच्या दोघांच्याही हातात आधीच अर्धं तिकीट आहे. तुम्ही डिजिटल फॉरेन्सिककडे बघा, त्या फॉरेन्सिक अकाउंटिंगकडे.

डिजिटलमधे प्रोग्रॅमिंगपेक्षा शिस्त जास्त लागते आणि आयटीवाल्यांना तीच सवय मोडायला जड जाते असं माझे सहकारी सांगतात. आयटीवाला बंद कॉम्प्युटर दिसला की आधी चालू करून बघतो, इथे ते पाप. नुसतं चालू केलं तरी शेकडो फायलींच्या तारखा बदलतात. बंद असेल तर बंदच ठेवायचं, चालू असेल तर पटकन प्लग ओढायचा नाही कारण मेमरीतलं सगळं जातं, मोबाइल चालू असेल तर त्याला नेटवर्कपासून तोडायचं म्हणजे लांबून कोणी पुसून टाकू शकत नाही. मग डिस्क राइट ब्लॉकर लावून, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये असं यंत्र मधे ठेवून, जोडायची, तिची बिट न् बिट कॉपी करायची, मूळ डिस्क आणि कॉपी दोन्हीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारा ठशासारखा आकडा, काढून जुळवायची आणि पुढचं सगळं काम कॉपीवर. हॅश जुळलं नाही तर तुमचं पुढचं महिनाभराचं काम कोर्टात टिकणार नाही. हे शिकायला तुमच्याकडे घरची जुनी हार्ड डिस्क आणि ऑटॉप्सीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आधी सहा महिने तेवढं करा, आवड टिकली तर मग कोर्सला पैसे घाला.

अकाउंटिंगची बाजू लोक विसरतात. अल कपोनसारखा गुंड १९३१ मधे आत गेला तो खुनासाठी नाही, टॅक्स चुकवला म्हणून, आणि त्याला अडकवलं ते हिशोबाच्या वह्या धुंडाळणाऱ्या माणसांनी. मला यातली एक गोष्ट फार आवडते, बेनफर्डचा नियम. खऱ्याखुऱ्या व्यवहारांच्या मोठ्या यादीत १ ने सुरू होणारे आकडे साधारण ३० टक्के असतात आणि ९ ने सुरू होणारे ५ टक्क्यांहूनही कमी, पण माणूस जेव्हा मनाने आकडे रचतो तेव्हा तो सगळे अंक सारखे वाटून टाकतो. अर्थात यावरून चोरी सिद्ध होत नाही, आणि सगळ्या प्रकारच्या आकड्यांना हा नियम लागूही पडत नाही, फक्त कुठे खोदायचं ते कळतं. वहिनींना सांगा, त्यांचा कंटाळा पळून जाईल.

प्रश्न : नोकरी लागल्यावर लगेच केसेस मिळतात का? ट्रेनिंग कसं असतं? आमच्या कॉलेजात कोणालाच माहीत नाही.

लगेच नाही, आणि लगेच मिळाल्या तर त्या लॅबपासून सावध राहा. कामाप्रमाणे सहा महिने ते दोन वर्षंसुद्धा जातात, ठसे किंवा हस्ताक्षरासारख्या डोळ्यांनी जुळवायच्या कामात तर जास्तच. आधी वाचन, मग सीनियरच्या खांद्यावरून बघणं, मग ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे असे नमुने, मग उत्तर तुम्हाला माहीत नाही पण ट्रेनरला माहीत आहे असे, मग परीक्षा, आणि मग कुठे खऱ्या केसला हात, तोही सुरुवातीला कोणाच्यातरी देखरेखीखाली. त्यानंतरही दरवर्षी प्रोफिशिएन्सी टेस्ट, म्हणजे काम नीट येतंय ना याची परीक्षा, चालूच राहते, रिटायर होईपर्यंत. आयएसओ १७०२५ नावाचं एक मानक आहे, त्याखाली चालणाऱ्या लॅबला प्रत्येक माणूस कुठलं काम करायला सक्षम आहे याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो.

माझा पहिला धडा सांगते. प्रत्येक बॅचमधे एक ब्लँक लावतात, म्हणजे ज्यात काहीच नाही असा नमुना. माझ्या पहिल्याच काही बॅचेसमधे ब्लँकमधे छोटासा पीक आला, म्हणजे मशीनच्या आलेखात काहीतरी असल्याचा उंचवटा दिसला. आधीच्या नमुन्याचं काहीतरी सिरिंजमधे राहिलं होतं, माझीच चूक, मी नीट धुतली नव्हती. माझ्या मनात आलं की कोणी बघितलं नाहीये, गुपचूप धुवून परत लावते, पाच मिनिटांचं काम. सीनियर बाई मागे उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, फक्त वही पुढे केली आणि म्हणाल्या, "आधी लिही. काय झालं, किती वाजता, तुला काय वाटतं कशामुळे, आणि मग धू." पूर्ण बॅच परत करायला लागली, संध्याकाळचे आठ वाजले, रडूच येत होतं. पण त्या दिवशी लिहायची सवय लागली ती लागलीच, आणि पुढे कोर्टात वकिलाने जेव्हा विचारलं की तुमचं मशीन कधी चुकलंय का, तेव्हा मी वही उघडून सांगू शकले की हो, या या दिवशी, आणि आम्ही हे हे केलं.

ही ब्लँकची गोष्ट आजची नाही हो. १८४० मधे फ्रान्समधे मारी लाफार्ज नावाच्या बाईवर नवऱ्याला आर्सेनिक घातल्याचा खटला चालला होता, तेव्हा मार्शची आर्सेनिकची टेस्ट निघून चारच वर्षं झाली होती. आधीच्या केमिस्ट लोकांचे निकाल एकमेकांशी जुळेनात म्हणून ओर्फिला नावाच्या नामांकित टॉक्सिकॉलॉजिस्टला बोलावलं. त्याने शरीरात आर्सेनिक आहे एवढंच दाखवलं नाही, तर ते आपल्या रसायनांतून आलेलं नाही आणि शवपेटीभोवतीच्या मातीतूनही आलेलं नाही हे पण दाखवलं. ट्रेनिंगमधे तुम्हाला मशीन चालवायला महिन्याभरात येईल, हा दुसरा अर्धा भाग शिकायलाच बाकीचा काळ लागतो.

आणि मॉक कोर्ट. याची भीती सगळ्यांना वाटते, मला तर पोटात गोळा यायचा. सहकारीच वकील होतात आणि तासभर तुम्हाला झोडपतात. तिथे शिकायचं असतं सोप्या भाषेत बोलायला आणि जिथे माहिती संपते तिथे थांबायला. "हे या नमुन्यावरून सांगता येणार नाही" हे वाक्य न अडखळता म्हणता आलं पाहिजे, समोर तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूचाच वकील डोळे वटारून बघत असला तरी.

प्रश्न : आमचे सर सांगतात फिंगरप्रिंट आणि डीएनए कधीच चुकत नाहीत. मग नेटवर चुकीच्या शिक्षांबद्दल वाचतो ते काय असतं? अशा फील्डमधे जावं का?

ठसा स्वतः चुकत नाही, ठसा बघणारा चुकतो, आणि सरांनी हा फरक सांगायला हवा होता. २००४ मधे माद्रिदला ट्रेनमधे बॉम्बस्फोट झाले, डिटोनेटरच्या पिशवीवर एक ठसा मिळाला आणि एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड नावाच्या वकिलाचा आहे असं सांगितलं. एकाने नाही, तिघांनी, आणि कोर्टाने नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञानेही हो म्हटलं. तो माणूस दोन आठवडे कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे हे दाखवलं. नंतर इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनी स्वतःच पूर्वी जुळतात म्हणून सांगितलेले ठसे दिले, पण सांगितलं की हे त्या मेफिल्ड केसमधले चुकलेले ठसे आहेत. पाचातल्या चौघांनी आपलंच मत बदललं. तेच डोळे, तेच ठसे, फक्त कानावर पडलेली गोष्ट वेगळी. म्हणून तर आता चांगल्या लॅबमधे ठसे बघणाऱ्याला केसची गोष्ट शक्यतो कळूच देत नाहीत.

केसांचं तर याहून वाईट. डीएनए यायच्या आधी मायक्रोस्कोपखाली केस जुळवून साक्षी दिल्या जायच्या, एफबीआयने त्या जुन्या साक्षी तपासल्या आणि २०१५ मधे जाहीर केलं की पहिल्या टप्प्यात तपासलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मधे तज्ज्ञांनी शास्त्राला धरून नसलेली विधानं केली होती. त्याआधी २००९ मधे अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने स्पष्ट लिहिलं होतं की न्यूक्लिअर डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकातला डीएनए, सोडला तर कुठल्याच पद्धतीची एखाद्या विशिष्ट माणसाशी खात्रीने नातं जोडण्याची ताकद काटेकोरपणे सिद्ध झालेली नाही. मला आठवतं, आमच्यातले कितीतरी जण तेव्हा रागावले होते. मी पण. मग अहवाल नीट वाचला आणि राग गेला.

तू या क्षेत्रात यायलाच हवंस, आणि हे सगळं वाचून ये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलकात्याला अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची गणिती घडी बसवली, १८९७ मधे तिथे ठशांचा ब्यूरो निघाला, आणि पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं लागलं. त्या दोघांची ताकद होती गणित. आजही गरज तीच आहे. जुळतंय की नाही एवढं सांगणाऱ्यांपेक्षा किती खात्रीने जुळतंय, चुकण्याची शक्यता किती, हे आकड्यात मांडू शकणाऱ्या मुलांची. स्टॅटिस्टिक्स आवडत असेल तर इतकं काम पडून आहे की सांगता सोय नाही.

थोडक्यात काही :

तीन महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला, लॅबमधे घेतील का? फक्त त्यावर नाही घेणार. आवड आहे की नाही ते कळायला ठीक आहे, पण 'हमखास नोकरी' असं लिहिलेलं दिसलं की तिथे पैसे भरू नका, प्लीज.

रंगांधळेपणा आहे, बंदच का दार? सगळी दारं नाहीत. काही कामांत रंग ओळखावे लागतात, जसं ड्रग्जच्या रंग बदलणाऱ्या टेस्ट किंवा शाई, आणि तिथे रंगदृष्टीची तपासणी घेऊ शकतात. डिजिटल किंवा हिशोबाच्या कामात सहसा अडत नाही. अर्ज करायच्या आधी विचारून घे, लपवू नकोस.

जुन्या बारीकसारीक गुन्ह्यात माझं नाव आलं होतं, पुढे सुटलो. अडचण येईल? पार्श्वभूमी जवळजवळ सगळीकडे तपासतात. अडचण नाव आल्यापेक्षा ते लपवल्याने जास्त येते. फॉर्मवर जे विचारलंय ते खरं लिहा, सुटल्याचे कागद जोडा.

घरी बसून आत्तापासून काय करू? रोज टेबलावरची एक वस्तू घे आणि दहा ओळी लिही. जे दिसतंय तेच, काय असेल ते नाही. 'रक्ताचा डाग' नाही, 'तांबूस तपकिरी डाग, साधारण दोन सेंटिमीटर, कडा गडद'. वाटतं तितकं सोपं नाहीये ते, महिन्याने पहिलं पान काढून बघ.

डीएनए लॅबमधे काम करणाऱ्यांना स्वतःचा डीएनए द्यावा लागतो म्हणे, खरं का? हो, बऱ्याच ठिकाणी. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधे चाळीसेक ठिकाणी एकाच अनोळखी बाईचा डीएनए मिळत होता, एका पोलीस अधिकारी तरुणीच्या खुनातसुद्धा, सगळे त्या बाईच्या मागे वर्षानुवर्षं धावत होते. २००९ मधे कळलं की तो डीएनए नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्या पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक म्हणजे डीएनए-मुक्त नव्हे, त्यासाठी वेगळं मानक २०१६ मधे आलं. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवसांतच गालाच्या आतून स्वॅब घेतात आणि तुमचं प्रोफाइल बाजूला ठेवतात, सफाईला येणाऱ्या मावशींचं आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याचंही ठेवतात, आणि केसमधे कोणाचाही अनोळखी डीएनए निघाला की सगळ्यात आधी तो आपल्यातल्याच कोणाचा आहे का ते बघतात.